तेलावीच्या वाट्याचं गुपित

तेलावीनं बापाकडे पुलाक्याचं गुपित मागितलं तेव्हा बोट येऊन उभी होती आणि तिचा भोंगा दोनदा वाजून झाला होता. अशा वेळी कुणी कुणाला काही सांगत नाही. पण तेलावी होताच तसा, आयत्या वेळी सगळं आठवणारा. कमरेला नवं कापड, काखेत चटईची वळकटी, बायको सुनेमा किनाऱ्यावर डोळे पुसत उभी, आणि हा गडी बापाला खड्ड्याच्या काठावर गाठून म्हणतो, "बाबा, आता तरी सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

त्याचा बाप लोतोआला गुडघाभर चिखलात उभा होता. त्यानं वरही पाहिलं नाही. "तिकडे फॉस्फेटचे खडक फोडायला चाललास ना? मग खडक फोड. दोन वर्षांनी ये, तेव्हा सांगतो."

"आणि तोवर तुम्ही विसरलात तर?"

"तुझं नाव विसरेन, हे नाही विसरणार."

तेलावी हसला. "बरं. राखून ठेवा माझ्यासाठी. नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगाल."

"दुसरा आहे कोण, गाढवा? पळ, बोट चुकेल."

पॅसिफिक समुद्रातल्या फुनाफुती बेटावर माणसाची किंमत त्याच्या पुलाक्यावरून करतात. पुलाका म्हणजे अळूचाच थोरला भाऊ. पान माणसाच्या डोक्यावर जातं, आणि कंद वर्षानुवर्षं चिखलात नीट पोसला तर उचलायला दोघं लागतात. वाळूच्या बेटावर तो उगाच येत नाही. पणज्या-खापरपणज्यांनी गोड पाणी लागेपर्यंत खणलेले खड्डे, प्रत्येक रोपाभोवती झावळीची विणलेली परडी, आणि परडीत घरचं खत. त्या खतात कुठला पाला, किती, कितव्या दिवशी, हे प्रत्येक घराचं वेगळं आणि प्रत्येक घराचं गुप्त. लोतोआलाच्या घरात बाप ते मुलाला एकदाच सांगायचा, खड्ड्यात उभं राहून, कानाला तोंड लावून. सांगितलं की बापाची पाळी संपली. मग तो पुन्हा त्या चिखलात उतरायचा नाही, काठावर बसून माश्या मारायचा. लोतोआला तेव्हा पासष्टचा होता, दात सगळे जागच्या जागी होते, आणि माश्या मारायची त्याची मुळीच तयारी नव्हती. खरं कारण एवढंच होतं. मुलाला दोन वर्षांचा वायदा केला म्हणजे आपल्याला आणखी दोन वर्षं चिखल मिळाला, असा त्याचा हिशेब होता, आणि त्या दिवशी तो आपल्या हुशारीवर खूश होता.

ती १९४०ची सुरुवात. लढाई तेव्हा जर्मनीत कुठेतरी लागली होती. सरकारी साहेबानं सभाघरात सगळ्यांना बसवून तसं सांगितलं, पाद्रीबुवांनी सामोअन भाषेत प्रार्थना केली, आणि लोक उडते मासे पकडायला निघून गेले. दुकानात रॉकेल कमी झालं. मग काड्यापेट्या संपल्या. तांदूळ येईनासा झाला, पण तांदळावाचून कुणाचं अडलं नाही. नारळ होते, मासे होते, पुलाका होता. लढाई ही काहीतरी दुकानाची भानगड आहे, असं गावाचं मत पडलं.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात मात्र वायरलेसवाला घरोघर फिरला. जपान लढाईत उतरला होता. उत्तरेकडच्या बेटांवर त्याची जहाजं दिसली होती, आणि तेलावी होता त्या फॉस्फेटच्या बेटावर बॉम्बही पडले होते. नवीन वर्षाला त्याला घेऊन यायची ती बोट आली नाही. फेब्रुवारीत आली नाही, मार्चमध्ये आली नाही. गोऱ्या साहेबांना तिथून काढायला एक बोट गेली म्हणे. आपल्या माणसांसाठी दुसरी जाईल असं लोक म्हणत राहिले. ऑगस्टात वायरलेसवाल्यानं सांगितलं, की ते बेट आता जपान्यांच्या ताब्यात आहे आणि तिकडून काहीही कळायचं बंद झालं आहे.

सुनेमा त्या दिवशी सासऱ्याजवळ येऊन बसली. तिला मूलबाळ नव्हतं. तोंडानं फटकळ, हातानं भारी कामसू. "बाबा," ती म्हणाली, "तो येईल ना?"

"न येऊन सांगतो कुणाला? त्याचं माझ्याकडे राहिलंय."

हे त्यानं तिला धीर द्यायला म्हटलं, आणि म्हणता म्हणता स्वतःच त्याला धरून बसला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पक्कं झालं, की जोवर आपण गुपित राखून आहोत तोवर तेलावी जिवंत आहे. याला अक्कल म्हणत नाहीत, पण अशा वेळी माणसाला जे काही धरता येतं ते तो धरतो.

ऑक्टोबरात अमेरिकन आले. एका सकाळी बघावं तर बेटांच्या रिंगणातल्या समुद्रात कधी मोजली नव्हती एवढी जहाजं. त्यांना विमानांसाठी पट्टी हवी होती, आणि गावाची जमीन काही जागी इतकी अरुंद की एका बाजूला उभं राहून दुसऱ्या बाजूच्या लाटा ऐकू येतात. पट्टी होणार ती माडांवर आणि पुलाक्याच्या खड्ड्यांवरच होणार. माड आडवे झाले. गावाला सांगितलं, दक्षिणेच्या फुनाफाला टापूवर जा. भांडीकुंडी, डुकरं, कोंबड्या, म्हातारे, सगळं होड्यांत घालून लोक निघाले.

लोतोआला निघाला नाही. तो खड्ड्यात उतरून रोपं उपटत होता. पुलाक्याचा कंद कापून शेंडा देठासकट ठेवला, की तो सावलीत आठ-दहा दिवस तग धरतो आणि पुन्हा लावता येतो. सत्तावीस शेंडे काढून झाले होते, अकरा बाकी होते, तेव्हा काठावर ते यंत्र येऊन उभं राहिलं. पिवळं, घराएवढं, पुढे लोखंडी जबडा. वर एक लालबुंद अमेरिकन. म्हाताऱ्याला बघून त्यानं हात हलवून बाहेर येण्याची खूण केली. लोतोआलानं हात हलवून जा म्हणून सांगितलं. असं तीन-चारदा झालं. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं, बूट काढले, आणि तो सरळ चिखलात उतरून रोपं उपटायला लागला.

माणूस भला होता. पण परड्यांमध्ये खत होतं, आणि ह्या माणसाला डोळे होते. तासाभरानं जो खड्डा नावालाही उरणार नव्हता, त्याचं गुपित लोतोआला एका परक्या शिपायापासून लपवायला लागला. पायानं चिखल ढकलून परड्या झाकल्या. शिपायाला वाटलं म्हातारा पायानं खड्ड्याचा निरोप घेतो आहे, म्हणून तोही मान खाली घालून उभा राहिला. जाताना त्यानं पीचच्या फोडींचा एक डबा दिला. दुपारपर्यंत खड्डा पांढऱ्या प्रवाळाच्या चुऱ्यानं भरून सपाट झाला. लोतोआला होडीत बसला, शेंड्यांवर ओली चटई घातली आणि मागे न बघता वल्हं मारू लागला. रडला तो, पण वल्हं मारणाऱ्याचं तोंड तसंही ओलंच असतं.

फुनाफालाला पुलाक्याचा एकच बरा खड्डा होता, आणि तो इयेलेमियाचा होता.

इयेलेमिया आणि लोतोआला अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चर्चच्या मेजवानीला दोघांनी आपापला पुलाका ठेवला होता. लोतोआलाचा दोन बोटं मोठा भरला, आणि इयेलेमिया सगळ्यांदेखत म्हणाला, की ह्यानं कंद तीन दिवस पाण्यात फुगवून आणलाय. लोतोआला म्हणाला, तू तुझं डोकं फुगवून आणलंस ते चालतं का? तेव्हापासून अबोला. रस्त्यात समोरासमोर आले की दोघं एकाच वेळी समुद्राकडे बघायचे.

आता हा सत्तावीस अधिक अकरा शेंडे घेऊन त्याच्या काठावर उभा. इयेलेमिया खड्ड्याशेजारी नारळ सोलत बसला होता. बायको वारलेला, बुटका, पोट सुटलेला माणूस. तो सोबतच्या सुनेमाकडे बघून म्हणाला, "पोरी, तुझ्या सासऱ्याला विचार, काय हवंय."

सुनेमा सासऱ्याकडे वळली. "बाबा, हे विचारतायत काय हवंय."

"मी बहिरा नाही. त्याला सांग, एक कोपरा."

"हे म्हणतात, एक कोपरा."

"मीही बहिरा नाही. त्याला सांग, पूर्वेचा कोपरा घे म्हणावं. पण खड्डा माझा आहे. मी इथेच बसणार. कुणी आंधळं व्हा म्हटलं तर मी होणार नाही."

सुनेमानं कपाळाला हात लावला. "अहो, तिकडे अख्ख्या जगाची लढाई चाललीय, ती तुम्हा दोघांना पुरत नाही का?"

दोघं म्हातारे एकाच वेळी समुद्राकडे बघायला लागले.

शेंडे लागले. आता प्रश्न खताचा. इयेलेमिया खरंच उठत नव्हता. सकाळी आपलं नारळ सोलणं घेऊन तिथेच, दुपारी तिथेच झोपणार, संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत तिथेच. गुपित घालायचं तर त्याच्या डोळ्यांदेखत घालायला हवं. लोतोआलानं चार दिवस विचार केला, आणि पाचव्या दिवशी एक युक्ती काढली. तिचा त्याला पुढे जन्मभर पस्तावा झाला.

किनाऱ्यावरच्या झुडपांचा खारट, जाड, हिरवा पाला तो टोपलीभर घेऊन आला. इयेलेमियाला नीट दिसेल असा उभा राहून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, त्यानं तो परड्यांत भरला. वर तीन वेळा टाळी वाजवली. टाळीचा कशाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे, इयेलेमिया यायच्या आधी, त्यानं तो पाला काढून फेकला आणि खरं खत आत दडपलं. आठवडाभर हे नाटक चाललं.

आता इयेलेमिया काही नवशिका नव्हता. चाळीस वर्षं पुलाका पोसलेला माणूस. खारट हिरवा पाला कंदाला विष आहे, हे त्याच्या नातवंडांनाही कळत होतं. पण समोर लोतोआला होता, दोन बोटं जास्त भरलेला लोतोआला, आणि अकरा वर्षं मनात कुढत राहिलं की माणूस अक्कल गहाण टाकतो. त्यानं गुपचूप तोच पाला आणून आपल्या रोपांना घातला. टाळ्याही वाजवल्या. लोतोआला माडाआडून बघून पोट धरून हसला.

तीन महिन्यांत इयेलेमियाच्या रोपांनी मान टाकली. आधी पानं पिवळी पडली, मग देठ मऊ झाले. उपटून बघितलं तर कंद आतून काळे, बोट लावलं तर पाणी. एकवीस रोपं गेली. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र लोतोआलाची पानं वाऱ्यावर डुलत होती. सडलेले कंद इयेलेमियानं एकेक करून बाहेर काढून ओळीनं मांडले, आणि एकाशी बराच वेळ बसून राहिला.

लोतोआला घरी येऊन हे सुनेमाला रंगवून सांगायला लागला, टाळ्यांसकट. सुनेमा मासे साफ करत होती. ती हसली नाही.

"तो मोठा कंद कुठला होता ठाऊक आहे तुम्हाला? ज्याच्याशी ते बसले होते तो?"

"असेल कुठला तरी."

"त्यांची बायको गेली त्या दिवशी लावलेला. नऊ वर्षं सांभाळला होता त्यांनी. म्हणायचे, मी मेलो की हा उकडा आणि आमच्या दोघांच्या नावानं गावाला वाढा." तिनं सुरी बाजूला ठेवली. "बाबा, तुम्ही माझे आहात म्हणून सांगते. लाज वाटायला हवी तुम्हाला."

लाज वाटली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. रागाच्या भरात एखाद्याचा पाणउतारा करणं वेगळं, आणि एखाद्याच्या मेलेल्या बायकोचं झाड सडवणं वेगळं. शिवाय गाव सगळं त्या एका खड्ड्याशेजारी येऊन राहिलेलं. अमेरिकनांची बोट कधी डबे घेऊन यायची, कधी नाही. एकवीस रोपं म्हणजे पुढच्या वर्षी एकवीस घरांच्या पानावरचा घास गेला. हे सगळं त्याला आधीही कळत होतं. हसण्याच्या नादात ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो इयेलेमियासमोर जाऊन उभा राहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलला.

"तो पाला खोटा होता."

इयेलेमियानं मान वर केली.

"तुला फसवायला घालत होतो. पहाटे काढून टाकत होतो."

"आणि टाळ्या?"

"त्याही खोट्या."

"टाळ्यांचं मला वाटलंच होतं," इयेलेमिया म्हणाला. "जा आता. तुझा कोपरा तुझा आहे. मी काही रोपं उपटणार नाही तुझी. पण जा."

लोतोआला गेला नाही. खड्ड्यात उतरला. "ये खाली," तो म्हणाला. "खरं काय ते सांगतो. तुझी उरलेली रोपं वाचतील."

सांगितलं की संपलं. आपला चिखल गेला ते गेलंच, पण तेलावीच्या वाट्याचं गेलं. दुसऱ्याला देऊन टाकलं म्हणजे तो येणार नाही असं आपणच कबूल केलं. पण केलेल्या कर्माची भरपाई करायला लोतोआलाकडे दुसरं काही नव्हतं. इयेलेमिया काठ उतरून जवळ आला. लोतोआलानं त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि त्याला शब्द सुचेना. नुसताच श्वास.

इयेलेमियानं मागे सरून त्याच्या तोंडाकडे बघितलं. काय बघितलं ते त्याचं त्याला ठाऊक. मग एकदम दोन्ही हातांनी त्यानं आपले कान झाकले.

"नको," तो म्हणाला. "माझं नाही ते. पोराचं आहे."

"पण तुझी रोपं..."

"माझ्या रोपांना तूच घाल ना! तुला हात नाहीत? मी बसतो तिकडे तोंड करून. घालून झालं की सांग. आणि पोरगा आला की त्याला सांग काय सांगायचं ते. मला कशाला आत ओढतोस?"

खरंच तो काठावर चढून खड्ड्याकडे पाठ करून बसला, आणि मोठ्यानं ओरडला, "आटप लवकर! माझी मान अवघडते!"

त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. दर दोन-चार दिवसांनी लोतोआला खत घेऊन यायचा, खोकायचा, आणि इयेलेमिया कुरकुरत पाठ फिरवायचा. पाठ फिरवून तो गावभरच्या गप्पा मारायचा. पोरींनी अमेरिकन कापडाचे झगे शिवले, ते गुडघ्याच्या वर गेलेत. पाद्रीबुवा डब्यातलं मांस खातात आणि डब्याला नावं ठेवतात. पुतण्या जहाजांवरचं सामान उतरवायला जातो आणि आता घरात बूट घालून फिरतो. लोतोआला चिखलातून हं हं करायचा. एप्रिलात जपानी विमानं आली आणि गावाकडच्या आकाशात तीन रात्री जाळ दिसला, चर्चचं छप्पर गेलं. तेव्हाही हे दोघं सकाळी आपापल्या जागी होते, एक चिखलात, एक पाठमोरा. लोक हसायचे. सुनेमा तर म्हणायची, ह्या दोघांचं लग्न लावून द्या.

पुढच्या वर्षी लढाई उत्तरेला सरकली. विमानं उत्तरेकडे जायची आणि निघाली होती त्याहून थोडी कमी परत यायची. मग तीही कमी झाली, अमेरिकन आपलं चंबूगबाळं आवरून निघाले, आणि गावाच्या मधोमध एक लांबलचक पांढरी पट्टी तेवढी राहिली, जिच्यावर काही उगवत नव्हतं, म्हणून लोतोआला आणि सुनेमा फुनाफालालाच राहिले. इयेलेमियाची रोपं धरली होती. पानं डोक्यावर गेली. तेलावीची काही खबर नव्हती, आणि खबर नाही ह्यालाच लोतोआला चांगली खबर म्हणत होता.

१९४५च्या ऑगस्टात लढाई संपली. डिसेंबरात बोट आली, उत्तरेकडच्या बेटांवरून माणसं घेऊन. सगळं गाव होड्यांत बसून बोटीपाशी गेलं. सुनेमानं केसांत फुलं माळली होती. लोतोआलानं धुतलेला सदरा घातला होता आणि वाटेत तो तिला सांगत होता, की आधी त्याला जेवू घाल, मग मी त्याला खड्ड्यावर नेतो, फार वेळ लागायचा नाही, अर्धा तास.

बोटीतून सात माणसं उतरली. तेलावी त्यांत नव्हता.

त्यांतला नीकोतेमो म्हणून एक होता, तेलावीबरोबर एकाच बराकीत राहिलेला. हातापायाच्या नुसत्या काड्या. तो लोतोआलाच्या होडीत येऊन बसला आणि किनारा येईपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. जपान्यांनी बहुतेकांना दुसऱ्या बेटांवर नेलं, म्हणून तो वाचला. शंभर-दीडशे जण मागे ठेवले, मासे धरायला. तेलावीच्या गळाला मासे लागायचे.

"मग?" सुनेमानं विचारलं.

"मग लढाई संपली, ताई. संपल्यावर मारलं त्यांना. कड्यावर नेऊन. संपलीय हे आपल्या माणसांना कुणी सांगितलंच नाही."

वल्ह्यांचा तेवढा आवाज. थोड्या वेळानं नीकोतेमो म्हाताऱ्याला म्हणाला, "तो नेहमी म्हणायचा, बाबांनी माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय. काय ते कधी बोलला नाही. आम्हाला वाटायचं, जमीन असेल."

लोतोआला नऊ दिवस खड्ड्याकडे फिरकला नाही. चटईवर पडून राहिला. एकच गोष्ट त्याला आतून खात होती. अर्धा तास. बोटीनं दोनदा भोंगा दिला होता, तिसरा द्यायला अजून वेळ होता. दोन वर्षं चिखलात उभं राहायच्या हौसेपायी त्यानं पोराला अर्धा तास दिला नव्हता. ते कळून पोरगा वाचला असता असं नाही, हे त्यालाही समजत होतं. पण जाताना त्यानं मागितलेली एकच गोष्ट त्याच्याजवळ असती.

दहाव्या दिवशी सुनेमा त्याच्या उशाशी बसली. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिनं पुलाका किसून, नारळाच्या दुधात कालवून, पानात उकडून आणला होता.

"खा," ती म्हणाली. आज अहो-जाहो नव्हतं, आईसारखं होतं. "खा आणि ऊठ. आणि ते सांग कुणाला तरी. तुझ्याबरोबर ते मातीत गेलं तर त्याचं काहीच उरणार नाही."

"कुणाला सांगू? तू ऐकतेस?"

"मला? माझ्या पोटात काही राहत नाही, दुपारपर्यंत गावभर होईल." ती रडता रडता हसली. "आपल्या माणसाला सांगायचं असतं ना? मग सांग आपल्या माणसाला. जवळजवळ तीन वर्षं जो पाठ फिरवून बसला, तो आपला नाही तर कोण?"

दुपार उतरल्यावर लोतोआला खड्ड्यावर गेला. इयेलेमिया तिथेच होता. त्याला बघताच तो उठला, आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवून बसला.

"इकडे तोंड कर," लोतोआला म्हणाला.

"घालून झालं?"

"घालायचं नाहीये. इकडे तोंड कर, आणि खाली ये."

इयेलेमिया वळला. लोतोआला गुडघाभर चिखलात उभा होता, हात खाली सोडून. इयेलेमियाला कळलं. तो सावकाश खाली उतरला, जवळ आला, आणि ह्या वेळी त्यानं कान झाकले नाहीत.

लोतोआलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. नीरफणसाची पानं, झाडावरची नाही, आपणहून गळलेली. सावलीत तीन दिवस. उन्हात नाही, उन्हात त्यांचा जीव जातो. मग हातानं चुरायची, बापानं मुलासमोर चुरायची, म्हणजे मुलाला चुरा किती बारीक ते... तिथं तो अडला. मुलाला, एवढंच पुन्हा म्हणाला. मग त्याला बोलताच येईना. खांदे हलायला लागले, आणि इतके दिवस चटईवर जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं.

इयेलेमियानं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, म्हणाला, "मग केवड्याच्या मुळाशी कुजलेली काळी माती. एक मूठ. ओंजळ नाही, मूठ. आणि अमावास्येच्या आधी."

लोतोआलाचं रडणं थांबलं. "तुला... तू बघितलंस?"

"पाठ होती ना माझी. बघणार कसा? वास येतो रे, किती ते आणि कधी तेही वासावरून कळतं. चाळीस वर्षं मी पण खतच घालतोय. पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग कळलं होतं तर तीन वर्षं मान अवघडून कशाला बसलास?"

इयेलेमिया खाली चिखलाकडे बघत राहिला. "पोरगा आला असता तर तू त्याला काय सांगितलं असतंस? की तुझं तुला द्यायच्या आधी इयेलेमियानं बघून घेतलं?"

पानांवरून वारा गेला. काठावर कोंबडी माती उकरत होती.

"आता सांग," इयेलेमिया म्हणाला. "नीट सांग, पहिल्यापासून. मला काही ठाऊक नाही."

त्यानं कान पुढे केला. लोतोआलानं तोंड पुसलं, आणि नीरफणसाच्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.